कुकरातला गुलाब

अमरावतीत खोली बघायला गेले त्या दिवशी आमच्या भावी घरमालकांनी मला नाव, गाव, नोकरी, खोलीत अंडी शिजवणार का, यातलं काहीच विचारलं नाही. "हात पुढं करा," म्हणाले. मी केला. त्यांनी बंडीच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. ती खोकल्याच्या औषधाची होती हे लेबलाच्या उरलेल्या तुकड्यावरून कळत होतं. तिच्यातले काही थेंब त्यांनी माझ्या तळहातावर सोडले.

"घ्या वास. आता सांगा."

मी वास घेतला. बीट शिजवून त्याचं पाणी फेकायला कुणी विसरलं, तर दुसऱ्या दिवशी जो येईल तो वास होता. पण बाहेर मे महिना होता, खांद्यावर बॅग होती, आणि ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं होतं. "छान आहे," मी म्हणाले.

"छान म्हंजे कसं? छान तं पोहेबी असते."

"म्हणजे... पहाटे बागेत उभं राहिल्यासारखं वाटतं."

त्यांनी डोळे मिटले. "अजून एकदा बोला," म्हणाले. मी पुन्हा बोलले. वरची खोली मला मिळाली आणि जिन्यातून खाली उतरताना मी तो हात ओढणीला तीनदा पुसला.

राजापेठेच्या मागच्या त्या कॉलनीत त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. समोर 'काका', पाठ फिरली की 'गुलाबपानी'. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंगानं वाळके, आवाजानं भरभक्कम. नोकरीत होते तोवर साहेबाच्या टेबलावरचा कागद पुढे सरकायचा की नाही हे यांच्या मानेवर ठरायचं म्हणे. निवृत्त झाले आणि मान हलवायला कागदच उरला नाही. मग एके दिवशी काकूंचा जुना कुकर त्यांच्या हाती लागला आणि गुलाबजलाचं खातं त्यांनी स्वतःच स्वतःकडे घेतलं.

त्यांची यंत्रणा बघण्यासारखी होती. कुकरची शिट्टी काढायची, तिच्या खालच्या नळकांड्यावर सलाईनची नळी बसवायची, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडायची. आत पाकळ्या आणि पाणी, खाली मंद गॅस. वाफेचं पाणी थेंब थेंब पडायला लागलं की काका पाटावर बसून त्याकडे बघत राहायचे. त्या वेळात घरात फोडणी द्यायला बंदी होती. लसूण सोलायलाही बंदी होती. काकू पहाटे उठून वरण फोडणीला घालायच्या आणि दुपारी ते गार वरण सगळ्यांना वाढायच्या. एकदा मी वर माझ्या खोलीत ठेचा केला, तर खलबत्त्याचा आवाज ऐकून काका जिन्यात येऊन ओरडले, "मॅडम, तुमी खाली एका जिवाची हत्या करून राहिल्या!" मी घाबरून खाली धावले. जीव म्हणजे गुलाबपाणी होतं.

गच्चीवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत त्यांनी गावठी गुलाब लावले होते. फुलवाल्याकडच्या लांब दांड्यांच्या गुलाबांविषयी त्यांचं मत ठाम होतं: "दिसाले हिरो, वासाले झिरो." हे वाक्य ते लग्नात स्टेजवरच्या सजावटीसमोर उभं राहून, सजावट करणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. मी अकोल्याची, म्हणून माझ्यासाठी वेगळं वाक्य होतं. "तुमच्या अकोल्याले वास एकच. सरकीचा. तिथं मानसाचं नाक पेंडीवर वाढते, त्याले गुलाब काय समजन?" अमरावतीकरांना अकोल्याबद्दल बोलताना जी एक उंची येते ती काकांना जरा जास्तच यायची. मी म्हणायचे, आमच्याकडे निदान नाक वाढतं तरी.

हे बोलताना मला कल्पना नव्हती की मी कुठे बोट ठेवतेय.

उन्हाळ्यात त्यांनी कूलरच्या टाकीत गुलाबपाणी ओतायचा शोध लावला. घरभर सुगंध, वरून गारवा. चाळणीतून सुटलेल्या पाकळ्यांनी पंप तुंबला, वाळ्याच्या ताट्या काळ्या पडल्या आणि डासांनी टाकीत मुक्काम ठोकला. मिस्त्री आला, त्यानं टाकी उघडली आणि दोन पावलं मागे सरकून विचारलं, "काका, यात काय धुतलं?" काकांनी त्याच्या मनगटावर गुलाबपाणी शिंपडलं. तो मनगट लांब धरूनच काम करत राहिला. एकदा बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडे ते बाटली घेऊन गेले होते. चाचांनी बूच काढलं, वास घेतला, बूच लावलं आणि अदबीनं म्हणाले, "साहब, ये गुलाबजल नहीं है, गुलाब का काढ़ा है. खाँसी में दीजिए." त्या दिवसापासून काकांनी त्या गल्लीतून जाणं बंद केलं. लांबच्या वळशानं जायचे, पण बाटली खिशातच असायची.

काकू मात्र एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलून गेल्या, "करोनाच्या आधी खरंच बरं होत होतं वं. बाया मागून नेत. आताच काय झालं कोनाले मालूम." आणि मग इतक्या भराभर मेथी खुडायला लागल्या की मी पुढचं विचारलं नाही.

काकांचा खरा गोंधळ एका शब्दावरून सुरू झाला. आमच्याकडे लग्न ठरलं की साक्षगंध होतं. पुण्याकडचे त्याला साखरपुडा म्हणतात, आणि काकांच्या मते त्यातच त्यांची योग्यता कळते. "त्यायची साखर, मुंग्या लागून संपते. आपला गंध. गंध साक्षीले पाह्यजे, तवा कुठं सोयरीक पक्की." गंध म्हणजे अर्थातच गुलाबाचा. शेजारच्या घरच्या साक्षगंधात हॉल भरलेला असताना ते गुलाबदाणी घेऊन थेट गुरुजींपुढे गेले.

"गुरुजी, गंध कुठी आहे?"

गुरुजींनी कुंकवाच्या वाटीकडे बोट दाखवलं.

"हा टिया झाला. मी गंध इचारून राहिलो."

"काका, गंध लावणं म्हणजे टिळाच लावणं."

"मंग याले साक्षटिया काहून नाही म्हनत?"

गुरुजींना हे आयुष्यात कुणी विचारलं नसावं. ते थांबले. ते थांबले म्हणजे हरले, असं समजून काकांनी गुलाबदाणी उचलली आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना शिंपडत गेले. मुलीच्या मावशीनं नाकाला पदर लावला. कुणीतरी जेवणाच्या बाजूचं दार लावून घ्यायला सांगितलं, कारण त्यांना वाटलं वास तिकडून येतोय. काका प्रत्येकापाशी थांबून विचारत होते, "कसं वाटते?" आणि प्रत्येक जण, अगदी गुरुजीसुद्धा, "छान" म्हणत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर करमणूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण काकांना एक मुलगी होती, वैशाली. तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची, दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळून घरी आली की माझ्या खोलीत येऊन चहा प्यायची. तिच्यासाठी स्थळं येत होती, आणि करोनानंतर काकांनी येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी एक परीक्षा काढली होती. ट्रेमध्ये स्टीलच्या दोन वाट्या. एकीत घरचं गुलाबपाणी, दुसरीत बाजारातलं. वास घ्यायचा आणि खरं कोणतं ते सांगायचं. "ज्याले गंध समजत नाही तो साक्ष काय देईन?" असा त्यामागचा सिद्धांत.

नांदगाव खंडेश्वरचा एक मुलगा आला, खतांचं दुकान असलेला. त्यानं बेधडक बाजारातल्या वाटीवर बोट ठेवलं. काका उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. एकानं सांगितलं की दोन्ही सारखंच आहे. "याच्यापेक्षा बैल बरा, तो तरी हुंगून खाते," हे त्याच्या वडिलांना ऐकू गेलं. पंचक्रोशीत बभ्रा झाला की त्या घरी पोरगी पाहायला गेलं तर बाप पोराचं नाक पाहतो. मध्यस्थांनी फोन उचलणं कमी केलं. वैशालीचं वय वाढत चाललं होतं, आणि ते तिच्या देखतच लोक बोलायला लागले होते.

मी तिला म्हटलं, "अगं, येणाऱ्याला आधीच सांगून टाक ना, बिटाचा वास येतो ते खरं म्हणून."

"मागच्याले सांगतलं होतं ताई."

"मग?"

"त्यानं बरोबर ओयखलं. बाबा खुश झाले. मंग म्हने, आता सांगा, वास कसा आहे. तो बिचारा घाबरून बोलून गेला, बिटासारका."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण ती हसत नव्हती.

मग एक उंदीर मेला. कूलरच्या मागे, भिंतीच्या फटीत. बैठकीत पाऊल टाकवेना. काकूंनी ताटं गच्चीवर नेली, वैशाली कामावरून आली ती तशीच वर आली. काका मात्र बरोबर त्या कूलरसमोर पाय पसरून पेपर वाचत बसले होते, आणि मला हाक मारत होते, "या मॅडम, बसा! आज सगळे वर काहून पळून राहिले? इतकी गार हवा सोडून!" मी दारात उभी होते, तोंडावर ओढणी धरून. माझ्या मागे वैशाली उभी होती. मी वळून तिच्याकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली.

गच्चीवर तिनं सांगितलं. करोनात बाबांचा वास गेला तो परत आलाच नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण आधी वासावरून ओळखून ते आच कमी करायचे, कुकर वेळेत उतरवायचे, ते जमेना आणि फुलं शिजून जायला लागली, तेव्हा काकूंना कळलं. मग तिला. मायलेकी दोघी गप्प राहिल्या, कारण निवृत्तीनंतर त्या माणसाकडे मिरवायला तेवढंच होतं.

"म्हणजे परीक्षकालाच उत्तर माहीत नाही?" मी म्हटलं. मला राग आला होता. "वाट्या कशा ओळखतात मग?"

"एकीच्या बुडाले माह्या नेलपॉलिशचा ठिपका आहे."

"आणि तू हे चालवून घेतेस? तोंडावर सांग ना त्यांना."

तिनं गुलाबाच्या गोणीतलं एक वाळकं पान खुडलं. "ताई, बाबा कोनालेच पास करनार नाही. नाकवाला जावई घरात आला तं पयल्याच दिवशी समजन त्याले, की सासऱ्याले वास येत नाही. बाबा त्याले भेऊन राहिले. सांगतलं तं ते मेल्यासारके होतीन. नाही सांगतलं तं मी इथंच राहीन, त्यायच्या वाट्या धुत." मग तिनं सांगितलं की आता जे स्थळ येणार आहे ते तिच्या मनातलं आहे. मुलगा पातूरचा, अकोल्यात नोकरी, लॅबमधली मशिनं दुरुस्त करायला अमरावतीला येणारा. गेल्या वर्षभरात तो मशिनं बिघडलेली नसतानाही येत होता. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, स्थळ एका मामांच्या मार्फत आल्यासारखं दाखवलं होतं. "हा गेला," ती म्हणाली, "तं मी परत कोनासमोर ट्रे घेऊन येनार नाही. बाबायनं वाट्या घेऊन बसावं एकट्यानं."

पातूरकर मंडळी आली त्या दिवशी मला वाढायला मदतीला बोलावलं होतं. मुलगा साधा, गोलसर चेहऱ्याचा, शर्टाची बाही सारखी खाली ओढणारा. आईवडील शेतकरी माणसं, बैठकीत अवघडून बसलेली. पोहे झाले, चहा झाला, आणि काकांनी ट्रे पुढे सरकवला. दोन वाट्या. माझी नजर वैशालीकडे गेली. ती दाराशी चिवड्याची प्लेट घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा इतका शांत होता की मला वाटलं आता ही बोलणार, सगळ्यांसमोर, आणि संपणार सगळं.

"घ्या वास," काका म्हणाले. "खरं कोन्तं ते सांगा."

मुलानं वाट्यांना हात लावला नाही. "काका, मले नाही सांगता येत."

"काहून?"

"मले वासच येत नाही. करोनात गेला, तो आलाच नाही."

त्याच्या आईनं चमकून त्याच्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. वैशालीनं पुढे होऊन चिवड्याची प्लेट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या ना काकू, घरचा आहे." त्या बाई चिवड्याकडे बघत राहिल्या. चारचौघांत ही गोष्ट निघायला नको होती असं त्यांना वाटलं असावं, असा मी अंदाज केला.

काका ओरडतील म्हणून मी तयार होते. ते पुढे वाकले. एरवी समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडणारा माणूस हळू आवाजात विचारत होता.

"जेवाले कसं लागते मंग?"

"खारट, तिखट, आंबट समजते. बाकी काही नाही."

"आंबे?"

"गोड असतीन तं गोड."

"लोक पुसत असतीन, कसं वाटते म्हनून. तवा काय सांगता?"

"छान म्हनतो."

काकांनी ट्रेमधली वाटी उचलली, तिच्या बुडाकडे न बघताच. "अन् गुलाब?"

"दिसते," मुलगा म्हणाला.

काकांनी वाटी परत ठेवली, ती ट्रेमध्ये न पडता टीपॉयवर पडली आणि पाणी सांडून पोह्याच्या बशीत गेलं. "मलेबी दिसतेच फक्त," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "सांगतलं बाई एकदाचं!" आणि त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, कुणी काही बोलायच्या आत. काकांना लगेच आपला मोठा आवाज आठवला. "म्या सांगतलं नाही, विषय निघाला म्हनून बोललो! अन् पोरगा खरं बोलनारा आहे. साक्ष द्याले असाच मानूस लागते. नाक काय, हत्तीलेबी असते!" एका वाक्यात त्यांनी सगळा सिद्धांत फिरवला, गंधावरून खरेपणावर आणला, आणि तो पहिल्यापासून तिथेच होता अशा थाटात सोयरीक पक्की केली. वैशालीनं वाट्या उचलल्या. एकीच्या बुडाचा ठिपका ती नखानं खरवडत होती, ते मी एकटीनंच बघितलं.

मंडळी निघाली. मी फाटकापर्यंत गेले. मुलगा एका पायात बूट घालून माझ्याजवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बाबा त्या पान्यात काय शिजोतात वो? मले वाटलं, आता पोहे बाहेर येते."

"तुम्हाला वास येतो?"

"चांगला येते. पातूरच्या उकिरड्याचा वास कारंजा गावापासून येते मले." त्यानं दाराकडे बघितलं. तिथे वैशाली उभी होती. "तिनं सांगतलं, नाकवाला जावई चालनार नाही. तं म्या नाक घरी ठेवलं."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता आपल्या बाबांना सांगत होती की पाहुण्यांची गाडी वळवायला जरा पुढे या.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. गेल्या दिवाळीत काही कामानं अमरावतीला गेले, तर म्हटलं काकांना भेटून यावं. फाटकातच करपल्याचा वास आला. असातसा नाही, कुकरचं पाणी संपून पाकळ्या बुडाला लागल्याचा. मागच्या पडवीत काका पाटावर बसले होते. शेजारी दुसऱ्या पाटावर जावई, मांडी घालून, पाठ ताठ. बादलीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळीतून बाटलीत एक थेंबही पडत नव्हता. दोघं समाधानानं त्या बाटलीकडे बघत होते. निदान काका तरी. जावई तोंडानं श्वास घेत होता.

"या मॅडम, या!" काकांना फार आनंद झाला. "बरं झालं आल्या. आमा दोघायले तं वास नाही. आता घरात लपवाछपवी नाही काही, सरळ इचारतो ज्याले त्याले. सांगा, कसं जमलं?"

जावयानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

"जळालं काका," मी म्हटलं. "पार जळालं."

"जयालं?" त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला आणि खो खो हसले. त्या घरात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली. "पाहा जावईबापू. इथंच बसून होतो, अन् आपल्याले पत्ताच नाही!"

"पत्ताच नाही बाबा," जावई म्हणाला, आणि खोकला आवरून तिथेच बसून राहिला.